भूजलाचे प्रशिक्षण विहिरीच्या काठावर द्या, आणि वर्षभर द्या

प्रति,
मा. सचिव, पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग,
मा. सचिव, मृद व जलसंधारण विभाग, महाराष्ट्र राज्य,
आणि भूजल व पाणलोटाची प्रशिक्षणे आखणाऱ्या सर्व संस्था.

विषय : गावपातळीवरील भूजल प्रशिक्षण एका पूर्ण जलवर्षाचे करण्याबाबत.

महोदय,

मी भूजलशास्त्र शिकले आणि तेव्हापासून गावातल्या माणसांना विहिरीतले पाणी मोजायला, पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवते आहे. कधी सरकारी योजनेतून, कधी संस्थांमार्फत, कधी एखाद्या सरपंचांनी बोलावले म्हणूनही. या कामात जे दिसले त्यावरून एक मागणी करते आहे. जलसुरक्षक, ग्रामरोजगार सहाय्यक, पाणलोट समितीचे सदस्य, सहाय्यक कृषी अधिकारी आणि नव्याने रुजू होणारे कनिष्ठ भूवैज्ञानिक यांचे भूजलाचे प्रशिक्षण दोन-तीन दिवसांच्या वर्गात उरकणे आता थांबवा. ते जून ते मे अशा एका जलवर्षाचे करा, प्रत्यक्ष विहिरींवर घ्या, आणि ज्याला शिकवले तोच माणूस पुढची काही वर्षे त्याच विहिरी मोजत राहील अशी पैशांची तरतूद करा.

हे का म्हणते आहे ते समजायला आधी आपल्या पायाखालचा खडक पाहावा लागतो. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, मधल्या काळात त्यांचे पृष्ठभाग झिजले, काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल गेरूचा पट्टा राहिला. गंगेच्या गाळाच्या मैदानात एका विहिरीची पातळी आजूबाजूच्या बऱ्याच मोठ्या टापूबद्दल काहीतरी सांगते. आपल्याकडे बांधाच्या अलीकडची विहीर मेपर्यंत पुरते आणि पलीकडची जानेवारीतच तळ दाखवते. शेतकऱ्याला हे माहीत असते, कारण त्याने स्वतः किंवा त्याच्या भावकीत कुणीतरी पैसे घालून ते अनुभवलेले असते. असे का होते हे मात्र त्याला सांगणारे माणूस गावात नसते. मग तो पाणाड्याला बोलावतो. तळहातावरचा नारळ उभा राहतो, बोअर घेतली जाते, ती कोरडी गेली की दुसरी घेतली जाते. त्या शेतकऱ्याला दोष देण्यात काही अर्थ नाही. त्याच्या बांधावर येऊन खडक वाचणारा दुसरा कुणी आपण तयारच केला नाही.

खडक वाचणे ही शिकण्यासारखी गोष्ट आहे, आणि तिला पदवी लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाणी खाली गेले की विहिरीची भिंत उघडी पडते. वर हातभर काळी माती, खाली मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मऊसर मांजऱ्या खडक, त्याखाली टणक काळा पाषाण, आणि त्यातल्या उभ्या भेगा. झरा नेमका कुठून येतो ते तेव्हाच दिसते. बहुतेक वेळा तो दोन थरांच्या सांध्यातून किंवा भेगाळलेल्या पट्ट्यातून येतो. अशा आठ-दहा विहिरी एका ओढ्याच्या दोन्ही अंगांनी पाहिल्या आणि प्रत्येकीतला तो सांधा जमिनीपासून किती खोल आहे ते लिहिले, तर गावाखालचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, कुठून कुठवर पसरला आहे याचा अंदाज कागदावर उतरतो. बंधारा कुठे घातला तर पाणी मुरेल आणि कुठे घातला तर नुसते साठून उडून जाईल, याचे उत्तर त्याच कागदात असते. विहिरी खोदण्यात आयुष्य गेलेली वडार समाजातली वयस्कर माणसे हे थर हाताच्या स्पर्शावरून ओळखतात. आपल्या कुठल्या प्रशिक्षणात त्यांना कधी शिक्षक म्हणून बोलावले आहे? मानधन देऊन, खुर्ची देऊन बोलवायला हवे.

आता मोजणीकडे येते, कारण माझा मुद्दा तिथे सगळ्यात स्पष्ट होतो. विहिरीत टेप सोडून आकडा लिहिणे हे पाच मिनिटांचे काम वाटते, आणि वर्गात ते तेवढ्यातच आटोपते. प्रत्यक्षात विहिरीवर गेल्यावर आधी विचारावे लागते की मोटार शेवटची कधी चालली. आपल्याकडे शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, अशी पाळीने येते. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटेपर्यंत उपसा चालू असतो, आणि सकाळी सातला मोजलेली पातळी ही उपशाने खाली गेलेली पातळी असते. बेसाल्टमधली विहीर पुन्हा भरायला तासन् तास घेते. दुसरा प्रश्न, या विहिरीत बोअरचे पाणी सोडता का? अनेक शेतकरी बोअरचे पाणी आधी विहिरीत घेतात आणि तिथून उचलतात. अशा विहिरीची पातळी उथळ भूजलाबद्दल काहीच सांगत नाही, ती निरीक्षणासाठी निवडायचीच नसते. तिसरा प्रश्न, शेजारच्या शेततळ्यात पाणी कुठून येते? प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे विहिरीतून भरले जात असेल, तर ताळेबंदात ते उपशाच्या रकान्यात गेले पाहिजे. ते साठ्यात धरलेले ताळेबंद मी पाहिले आहेत. विहिरीतून उपसलेले, उन्हात वाफ होऊन जाणारे पाणी त्या कागदावर गावाची कमाई म्हणून नोंदलेले असते.

हे तिन्ही प्रश्न विहिरीवर उभे राहिल्याशिवाय सुचत नाहीत.

आणि विहिरीचा कठडा. टेप कठड्याच्या माथ्यावरून सोडला, तर कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहायची असते. दरवेळी एकाच माणसाने एकाच खुणेवरून मोजले, तर वजाबाकी विसरली तरी दोन नोंदींतला फरक बरोबर येतो. माणूस बदलला की घोटाळा होतो. समजा १,००० हेक्टरचे गाव आहे. ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर गावाच्या शिवारात ५० लाख घनमीटर, म्हणजे ५०० कोटी लिटर पाणी पडले. मे ते ऑक्टोबर विहिरींची पातळी सरासरी ३ मीटरने वर आली, आणि खडकाची पाणी सोडण्याची क्षमता, म्हणजे त्याच्या आकारमानाच्या किती हिस्सा पाणी त्यातून मिळते ती, २ टक्के धरली, तर भूजलात भर पडली ६ लाख घनमीटरची, म्हणजे ६० कोटी लिटरची. आता मे महिन्यात एकाने कठड्यावरून मोजले आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याने जमिनीपासून. कठडे सरासरी दोन फुटांचे असतील, तर पातळी प्रत्यक्षापेक्षा साधारण ६० सेंटिमीटर जास्त चढलेली दिसेल. सगळ्या विहिरींवर असेच झाले, तर जमिनीत नसलेले १ लाख २० हजार घनमीटर पाणी कागदावर तयार होते. रब्बीच्या कांद्याला हेक्टरी पाच-सहा हजार घनमीटर धरले, तर ते वीसेक हेक्टर कांद्याचे पाणी झाले. ग्रामसभेत तो आकडा वाचला जातो, त्या भरवशावर पन्नास एकरांवर रोपे लागतात, आणि फेब्रुवारीत विहिरी आटतात. ज्या घरांनी रोपांवर, मजुरीवर, खतावर कर्ज काढलेले असते, त्यांना ही चूक कुणाच्या टेपात झाली हे कधीच कळत नाही.

त्या २ टक्क्यांबद्दलही बोलले पाहिजे. ती क्षमता १ टक्का धरली तर भर ३० कोटी लिटर येते, ३ टक्के धरली तर ९० कोटी. बहुतेक प्रशिक्षणांत हा आकडा तक्त्यातून उचलायला सांगतात आणि पुढे जातात. तो आपल्या गावाला लागू आहे का हे तपासायचे तर खडक पाहावा लागतो, उपसा चाचणी करावी लागते. मोटार ठरावीक वेळ चालवायची, पाणी किती उतरले ते मोजायचे, मोटार बंद करून ते किती वेळात किती चढले ते दर काही मिनिटांनी लिहायचे. अर्धा दिवस जातो. गावातली दहावी झालेली मुले-मुली हे काम इतक्या तन्मयतेने करतात की बघत राहावे. चाचणी संपली की त्यांच्या हातात त्यांच्या गावाचा आलेख असतो. त्या आलेखावरून खडकाचा गुणधर्म कसा काढायचा हे भूवैज्ञानिकाने शिकवायचे. मला अभिप्रेत असलेल्या प्रशिक्षणात गावातला माणूस आणि शास्त्र शिकलेला माणूस एकाच विहिरीवर असतात, आणि दोघांनाही एकमेकांची गरज असते.

याउलट नेहमी काय होते ते आपण जाणताच. तालुक्याच्या ठिकाणी सभागृह, सकाळी नोंदणी, पिशवी-वही-पेन, दीपप्रज्वलन, मान्यवरांची मनोगते. अकरा-साडेअकराला पहिले तांत्रिक सत्र. पडद्यावर जलचक्राचे चित्र. जेवणानंतर पोर्टलवर माहिती कशी भरायची. दुसऱ्या दिवशी जवळच्या एखाद्या नावाजलेल्या गावाला भेट, आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. अशाच एका प्रशिक्षणात मी तज्ज्ञ म्हणून होते. चाळीसेक माणसांमध्ये मोजणीचा टेप एकच होता, आणि तोही खोक्यातून बाहेर निघाला नाही, कारण जवळच्या विहिरीला जाळी बसवून कुलूप लावलेले होते. कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे आधी विचारावे असे आयोजकांना वाटले नव्हते. शिकायला आलेल्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. एका ताईंनी शेवटी विचारले, "मॅडम, मोजायचं कधी?" त्या दोन दिवसांतला सगळ्यात योग्य प्रश्न तोच होता.

राज्यात कायदा आहे, यंत्रणा आहेत, आकडे गोळा करण्याची साधनेही आहेत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. ती ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींची पातळी घेते, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करते आणि त्यावर टंचाईचा अंदाज देते. देशात फार थोड्या राज्यांकडे इतकी जुनी नोंद असेल. पण या विहिरी काही हजार आहेत आणि गावे चाळीस हजारांच्या वर. बेसाल्टमध्ये एका गावची विहीर दुसऱ्या गावाबद्दल फारसे सांगत नसेल, तर उरलेल्या गावांनी स्वतः मोजायला शिकण्याला पर्याय नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियमाला हेच अभिप्रेत आहे. अधिसूचित क्षेत्रात पाणलोट समितीने भूजल वापराची आणि पिकांची योजना करावी, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा बसावा, ही त्यातली तरतूद. ही योजना करणारी समिती प्रशिक्षित नसेल तर ती काय करणार? तालुक्यातून आलेल्या कागदावर सह्या.

केंद्राने सप्टेंबर २०२२ मध्ये जलदूत ॲप आणले. प्रत्येक गावातल्या दोन-तीन विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये ग्रामरोजगार सहाय्यकाने भरायची. कल्पना चांगली आहे. पण या माणसाच्या डोक्यावर आधीच रोजगार हमीची हजेरी, मोजमापे, छायाचित्रे असतात. मे महिन्यात तर मजुरांची गर्दी सगळ्यात जास्त. त्याला भूजल शिकवायला कुणी वर्षभर सोबत नसते. अटल भूजल योजनेने, २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या, सात राज्यांत गावोगावचे ताळेबंद मांडून घेतले, पर्जन्यमापक आणि पातळी मोजायची साधने दिली. तिथे काम करणारे अनेक जण मला भेटतात आणि त्यांची मेहनत खरी आहे. पण प्रकल्पाला मुदत असते. मुदत संपली की मानधन थांबते, शिकलेला मुलगा चाकणला नाहीतर वाळूजला कंपनीत लागतो, वही त्याच्या घरी राहते. पुढच्या योजनेत नवा माणूस, नवे सभागृह, पुन्हा जलचक्र.

वर्षभराचे प्रशिक्षण जमते का, असे कुणी विचारेल. आंध्र प्रदेशात २००३ पासून सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीच भूजल सांभाळण्याचा एक मोठा प्रकल्प चालला. तिथल्या 'शेतकरी पाणी शाळा' पूर्ण जलवर्ष चालत. शेतकरी, त्यात बायाही, पाऊस मोजत, पातळी मोजत, मोटारीचा उपसा मोजत, आणि रब्बीच्या तोंडावर सगळे आकडे गावासमोर मांडत. कुणावरही पिकाची सक्ती नव्हती. तरी अनेक गावांत भाताखालचे क्षेत्र लोकांनी आपणहून कमी केले, कारण आकडा त्यांनी स्वतः काढलेला होता. सिक्कीमने २००८ पासून 'धारा विकास' कार्यक्रमात डोंगरातले आटलेले झरे जिवंत करायला गावपातळीवरचे भूजल कार्यकर्ते तयार केले. त्या कामात पुण्याची ॲक्वाडॅम ही संस्था प्रशिक्षणासाठी होती. म्हणजे हे शिकवण्याची जाण आपल्या घरातच आहे. आणि हिवरे बाजार आपण सगळ्यांना दाखवायला नेतोच. तिथे पाहुण्यांना झाडे आणि बंधारे दिसतात. मला तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती दर वर्षी पाऊस आणि विहिरी मोजून ग्रामसभेत पिके ठरवण्याची सवय, आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा निर्णय पाळण्याची धमक. तासाभराच्या सहलीत ती सवय दिसत नाही.

आमच्या, म्हणजे शास्त्र शिकलेल्यांच्या प्रशिक्षणाचेही बोलते. भूशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणारी मुले सूक्ष्मदर्शकाखाली खनिजे ओळखतात, पण त्यांतल्या कितीतरी जणांनी उन्हाळ्यात विहिरीत उतरून थर पाहिलेला नसतो. पर्यावरणशास्त्राच्या मुलांची स्थिती वेगळी नाही. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. ते श्रेयांक एखाद्या गावाच्या जलवर्षाशी जोडले, तर महाविद्यालयाला प्रकल्प मिळेल, गावाला आकडे तपासणारा जोडीदार मिळेल. तरुण भूवैज्ञानिकाला ग्रामसभेत उभे राहून लोकांच्या भाषेत बोलायची सवय लागेल. ही सवय विद्यापीठात कुणीच लावत नाही, आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून ती लागते.

सगळीकडे एकच पुस्तिका मात्र नको. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा आहे. तिथे पातळीपेक्षा क्षारांचा प्रश्न मोठा आहे. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड. गोंदिया-भंडाऱ्यात खडक वेगळा, आणि माजी मालगुजारी तलावांची सगळी व्यवस्था वेगळी. कोकणात जांभा, जिथे चार महिने धो-धो पडूनही एप्रिलमध्ये वाडीवरच्या बाया हंडे घेऊन उतरतात. जल जीवन मिशनमध्ये दर गावी पाच महिलांना पाणी तपासणीचे एफटीके, म्हणजे जागेवरच तपासणी करायचे संच, हाताळायला शिकवले गेले. त्याच महिलांना पातळी मोजायला शिकवले, तर पाण्याचे प्रमाण आणि प्रत एका वहीत येईल. माझा अनुभव असा की नोंदी सगळ्यात नियमित महिलाच ठेवतात. पाणी संपले की पहिली पायपीट त्यांचीच असते, आणि लग्न होऊन त्या गावात आलेली बाई कंपनीच्या नोकरीसाठी सहसा गाव सोडून जात नाही.

खर्चाचे म्हणाल तर टेप, पर्जन्यमापक, वही यांना फार पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते माणसाला. महिन्यातले चार-पाच दिवस देणाऱ्या दोघांना, त्यात एक महिला, नियमित मानधन. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरायच्या निधीत पाण्यासाठी वाटा राखलेला असतो. त्यातून हे मानधन देण्यास स्पष्ट परवानगीचा आदेश काढा, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लेखापरीक्षणाची भीती राहणार नाही. सभागृहे, जेवणावळी, पिशव्या यांवरचा खर्च वळवला तरी बरेच भागेल. जल व भूमी व्यवस्थापन शिकवणारी वाल्मी ही संस्था १९८० पासून आहे, पुण्यात शासकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी यशदा आहे, दोन्हीकडे निवासाची आणि शिकवण्याची सोय आहे. तिथे प्रशिक्षकांचे प्रशिक्षण होऊ द्या, पण त्यांचेही निम्मे दिवस आसपासच्या विहिरींवर जाऊ द्या. आणि प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देऊ नका. चारही हंगामांच्या नोंदी पूर्ण झाल्या, भूवैज्ञानिकाने त्यांतल्या काही विहिरी पुन्हा मोजून पडताळल्या आणि ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला गेला, की मग द्या. त्या प्रमाणपत्राला कौशल्य पात्रतेच्या आराखड्यात जागा मिळवून द्या, म्हणजे त्या मुलाला किंवा ताईंना शेजारच्या गावातही त्या कामाचे पैसे मिळतील.

एकदम राज्यभर करा असे मी म्हणत नाही. प्रत्येक महसुली विभागातला एक पाणलोट निवडा, जिथला खडक वेगळा, पाऊस वेगळा. मे महिन्याच्या मोजणीने सुरुवात करा, कारण तेव्हा भिंती उघड्या असतात आणि थर दिसतात. पुढच्या मे महिन्यात त्या गावांच्या वह्या आणि यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी शेजारी ठेवा, आणि जुळतात का ते सर्वांसमोर तपासा. जुळल्या नाहीत तर का नाही, हेही सर्वांसमोर शोधू. माझ्यासारखे शिकवणारे अनेक जण या कामात वेळ द्यायला तयार आहेत. त्यासाठी मे सुरू होण्याआधी पाणलोटांची नावे आणि तिथल्या जबाबदार अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करावेत, एवढी विनंती.

आपली,
एक भूजल प्रशिक्षक